सागरातील घराण्यांचा कुलवृत्तांत

कुलवृत्तांत ही मराठी समाजाच्या परिचयाची गोष्ट आहे. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याच्या शाखा कोठे कोठे पसरल्या, कोणाचा वंश खुंटला, कोण दत्तक गेला, याची नोंद एकत्र करून ग्रंथरूपाने छापण्याचे काम विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी चिकाटीने केले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव किंवा हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या स्थायिक असलेल्या कुटुंबांना तर अशा नोंदींचे मोल विशेष जाणवते. मूळ गाव दुरावले की नाते टिकवायला कागदाचाच आधार उरतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका कुलवृत्तांताची हकीकत सांगावयाची आहे. तो मात्र माणसांचा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य यांच्या दरम्यानच्या खाड्यांमधून वावरणाऱ्या ऑर्का नावाच्या सागरी प्राण्यांचा तो वृत्तांत आहे. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत तो छायाचित्रांच्या साहाय्याने लिहिला गेला आणि त्यात वंश मोजला जातो तो आईकडून.

ऑर्का म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘किलर व्हेल’ म्हणतात तो प्राणी. व्हेल हे नाव रूढ झाले असले तरी तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातील सर्वांत मोठा सभासद आहे. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी साधारण सहा ते आठ मीटर भरते आणि त्याच्या पाठीवरचा उभा पर पुरुषभर उंचीचा असतो. काळ्याभोर अंगावर पांढरे पट्टे, डोळ्यामागे पांढरा ठिपका आणि पराच्या मागे खोगिरासारखा करडा डाग, असे त्याचे रूप. जुन्या काळच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांनी या प्राण्यांना टोळीने मोठ्या देवमाशांवर तुटून पडताना पाहिले आणि मारेकरी हे नाव त्यांना कायमचे चिकटले. त्या किनाऱ्यावरील हैडा, क्वाक्वाकावाक्व इत्यादी मूळ रहिवाशांच्या कथांत आणि कुलचिन्हांत ऑर्काला मानाचे स्थान आहे. गोऱ्या मच्छीमारांच्या लेखी मात्र तो सामन माशांवर डल्ला मारणारा दरोडेखोर होता. १९६०-६१च्या सुमारास कॅनडाच्या मत्स्यखात्याने कॅम्बेल रिव्हर गावाजवळील चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठी ऑर्कांना मारण्यासाठी चक्क मशीनगन बसवली होती. ती प्रत्यक्षात चालवली गेली नाही, एवढेच.

द्वेषाची जागा कुतूहलाने घेतली ती एका अपघातामुळे. १९६४च्या जुलैत व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाने ऑर्काची हुबेहूब प्रतिकृती घडवण्याचे ठरवले आणि नमुन्यासाठी एक ऑर्का मारून आणण्याकरिता सॅम्युएल बुरिच या शिल्पकाराला सॅटर्ना बेटावर धाडले. हार्पून लागला, पण तो तरुण प्राणी मेला नाही. हार्पूनच्या दोरीनेच त्याला ओढत व्हँकुव्हरला आणले गेले. मादी समजून त्याचे नाव ‘मोबी डॉल’ ठेवले. तो सुमारे तीन महिने जगला आणि मेल्यावर तो नर असल्याचे उघडकीस आले. पकडणाऱ्यांचे ज्ञान त्या वेळी एवढेच होते. परंतु त्या काळात लोकांनी पाहिले की हा कथित मारेकरी माणसावर धावून जात नाही, त्याच्या हातून मासा घेतो. पुढच्याच वर्षी नामू गावाजवळ मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलेला एक नर टेड ग्रिफिन या सिॲटलच्या मत्स्यालय-चालकाने ८,००० डॉलरला विकत घेतला. तो प्रेक्षकांचा इतका लाडका झाला की जगभरच्या मत्स्यालयांकडून ऑर्कांना मागणी येऊ लागली.

या मागणीने व्यापार उभा राहिला. वाहतूक सोपी आणि शिकवणे सोपे म्हणून पिल्लांनाच पसंती असे. ८ ऑगस्ट १९७० रोजी व्हिडबी बेटावरील पेन कोव्ह या उपसागरात विमाने, वेगवान होड्या आणि पाण्यात फेकलेले स्फोटक बार यांच्या साहाय्याने ऐंशीच्या आसपास ऑर्का कोंडण्यात आले. सात पिल्ले वेगळी काढून विकली गेली. काही पिल्ले जाळ्यांत गुरफटून बुडाली. त्यांची पोटे फाडून, आत दगड भरून, नांगर बांधून त्यांना तळाशी सोडण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती कलेवरे किनाऱ्याला लागली तेव्हा लोकांना हा प्रकार कळला.

विक्रेत्यांचे म्हणणे असे की समुद्रात ऑर्का हजारोंनी आहेत, शेपन्नास नेले तर बिघडले काय? हे खोडून काढायला कोणाजवळ आकडा नव्हता. तो शोधण्याचे काम कॅनडाच्या मत्स्यखात्याने नानायमो येथील संशोधन केंद्रातील मायकेल बिग या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे सोपवले. बिग हे मूळचे सीलचे अभ्यासक. त्यांनी खानेसुमारीसारखी एक साधी युक्ती योजली. दीपगृहांचे रखवालदार, मच्छीमार, फेरीबोटींचे नाविक, हौशी नावाडी अशा हजारो लोकांना प्रश्नपत्रिका पाठवून २६ जुलै १९७१ या एकाच दिवशी दिसलेल्या प्रत्येक ऑर्काची जागा आणि संख्या कळवण्याची विनंती केली. एकाच दिवशी मोजल्यामुळे तोच कळप दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी होत होती. उत्तरे आली, बेरीज झाली, आणि निष्कर्ष निघाला की ब्रिटिश कोलंबियाच्या साऱ्या किनाऱ्यावर जास्तीत जास्त साडेतीनशे ऑर्का असावेत.

आकडा इतका लहान की त्यावर सहज विश्वास बसेना. मग बिग आणि त्यांचे सहकारी इयन मॅकॅस्की व ग्रेम एलिस यांनी पुढची पायरी गाठली. पर छाटला गेलेली एक मादी त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होती आणि प्रत्येक वेळी तिच्या सोबतीला तेच प्राणी असत. तिला त्यांनी ‘ए-१’ असा क्रमांक दिला. एवढी ठळक खूण सर्वांना नसली तरी बारीक खुणा प्रत्येकाला असतील काय? छायाचित्रे मोठी करून पाहता उत्तर होकारार्थी आले. पराच्या कडेवरील खाचा, ओरखडे, त्याचा बाक आणि मागच्या खोगिराचा आकार यांच्या मेळातून प्रत्येक ऑर्का ओळखता येत होता. १९७३पासून पद्धतशीर छायाचित्रण सुरू झाले. कृष्णधवल फिल्म, लांब भिंग, डुलणारी होडी आणि श्वासासाठी प्राणी वर येतो ते एकदोन क्षण, एवढ्या साधनांवर हे काम चालले. अनेकांनी प्रथम त्याची थट्टा केली. वन्य प्राण्याला एकेकटे ओळखून वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवता येईल, ही कल्पना तेव्हा नवखी होती.

छायाचित्रांची थप्पी वाढली तशी नाती उलगडू लागली. पिल्लू ज्या मादीच्या कुशीला चिकटून पोहते ती त्याची आई. हे पिल्लू पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनीही तिच्याच शेजारी आढळे. मुलगा असो वा मुलगी, कोणीच घर सोडत नाही, असे दिसून आले. मुलगे पूर्ण वाढले तरी आईबरोबरच फिरतात आणि मुलींची पिल्लेही आजीच्या कळपातच वाढतात. आई, तिची मुले आणि मुलींची मुले मिळून एक कुटुंब, अशी काही जवळची कुटुंबे मिळून एक कुळी. कुळ्यांना बिग यांनी इंग्रजी अक्षरे दिली. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेकडील कुळ्या ‘उत्तरेकडचे रहिवासी’ ठरल्या आणि बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या जे, के व एल या तीन कुळ्या ‘दक्षिणेकडचे रहिवासी’.

याखेरीज एक तिसरा गट सापडला. दोनतीनच्या संख्येने गुपचूप फिरणारे हे ऑर्का रहिवाशांत मिसळत नसत. बिग यांनी त्यांना ‘भटके’ म्हटले. आधी वाटले, हे कळपांतून बहिष्कृत झालेले असावेत. पुढे कळले की त्यांचा आहारच वेगळा आहे. रहिवासी मासे खातात, त्यांतही विशेषकरून चिनूक जातीचा सामन, तर भटके सील आणि इतर सस्तन प्राण्यांची शिकार करतात. शिकारीला ऐकू जाऊ नये म्हणून ते मौन पाळतात. एकाच पाण्यात राहूनही दोघांत रोटीव्यवहार नाही आणि बेटीव्यवहारही नाही. २०२४ साली संशोधकांनी जनुकीय व शारीरिक पुराव्यांच्या आधारे या दोघांना स्वतंत्र जाती मानावे असा प्रस्ताव मांडला.

१९७६च्या सुमारास खात्याच्या मते काम संपले आणि बिग यांना पुन्हा सील-संशोधनाकडे वळवण्यात आले. बिग यांनी आपला अभ्यास फावल्या वेळात चालू ठेवला. त्याच वर्षी सीमेपलीकडे अमेरिकेत केन बॅल्कम यांनी त्यांची पद्धत उचलून दक्षिणेकडच्या रहिवाशांची गणती केली. ती सत्तरच्या आसपास भरली. आता मागे वळून हिशेब मांडता येत होता. दशकभराच्या धरपकडीत या किनाऱ्यावरून पन्नासच्या आसपास ऑर्का नेले वा मारले गेले होते, त्यांतले बहुतेक याच लहानशा समूहातले आणि बहुतांशी पिल्ले वा किशोरवयीन होते. जी पिढी पुढे प्रजननक्षम व्हायची, तिचीच फळी मोडली होती. अमेरिकेत १९७२ साली सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा झाला. १९७६च्या मार्चमध्ये ऑलिंपिया शहरालगत पुन्हा धरपकड झाली तेव्हा राज्य सरकार न्यायालयात गेले आणि वॉशिंग्टनच्या पाण्यातील हा व्यापार कायमचा थांबला.

दृष्टीच्या जोडीला कान आले. न्यूझीलंडहून आलेले पॉल स्पाँग १९७०पासून हॅन्सन बेटावर राहून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालील ध्वनिग्राहक यंत्रांवरून, ऑर्कांचे आवाज ऐकत होते. रात्री, धुक्यात, वादळात जेथे कॅमेरा निरुपयोगी ठरे तेथे आवाजावरून कळपाची ये-जा समजे. १९७८च्या सुमारास जॉन फोर्ड यांनी या आवाजांचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला आणि प्रत्येक कुळीची हाकांची एक स्वतंत्र बोली असल्याचे दाखवले. ती जन्मजात नसून पिल्लू आईकडून शिकते. काही हाका समान असलेल्या कुळ्यांचे मिळून जणू एक गोत्र होते. उत्तरेकडच्या रहिवाशांत अशी तीन गोत्रे आहेत, दक्षिणेकडच्यांत एकच. चार पिढ्या तंजावरात किंवा बडोद्यात काढूनही ज्या घरांतील मराठीला स्वतःचा हेल आहे, त्या घरांतील वाचकांना या शोधाचे मर्म वेगळे सांगावयास नको. १९६४ साली मोबी डॉलच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. ते पुढे तपासले असता तो जे कुळीतला असल्याचे निष्पन्न झाले. मृत्यूनंतर अनेक वर्षांनी त्याला त्याचे घराणे परत मिळाले.

या साऱ्या नोंदींची कसोटी २००२ साली लागली. जानेवारीत सिॲटलजवळच्या पाण्यात सुमारे दोन वर्षांचे एक मादी पिल्लू एकटेच आढळले. ते रोगट, अशक्त आणि बोटींना अंग घासणारे होते. ऑर्काचे पिल्लू एकटे असणे हीच मुळी न घडणारी गोष्ट. ते कोणाचे? त्याच्या हाका दक्षिणेकडच्या कोणत्याच कुळीशी जुळेनात. त्या उत्तरेकडील ए-४ कुळीच्या निघाल्या. वंशावळीच्या याद्या पाहता ते ए-७३, म्हणजे स्प्रिंगर असल्याचे नक्की झाले. तिची आई ए-४५ त्या काळात दिसेनाशी झाली होती. जून महिन्यात स्प्रिंगरला पकडून उपचार केले आणि १३ जुलै रोजी जलद बोटीने व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेस, हॅन्सन बेटाजवळ नेले. दुसऱ्या दिवशी तिचे आप्त त्या बाजूने जात असता तिला मोकळे केले. काही दिवसांतच ती त्यांच्यात मिसळली. २०१३ साली तिला पहिले पिल्लू झाले आणि २०१७ साली दुसरे. ज्या किनाऱ्यावर पिल्लांना आईपासून तोडले जात होते, तेथेच तीस वर्षांनंतर एका अनाथ पिल्लाला माणसांनी त्याच्या माणसांत पोहोचवले. जुन्या याद्या नसत्या तर तिला कोठे न्यायचे हेच कळले नसते.

उन्हाळ्यात खाड्यांत दिसणाऱ्या या कुळ्या हिवाळ्यात कोठे जातात, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित होता. २०००च्या जानेवारीत के व एल कुळ्यांतील ऑर्का कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात दिसले आणि त्यांचा वावर किती दूरवर आहे याची कल्पना आली. २०१२पासून अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांनी काही प्राण्यांच्या परावर उपग्रहाशी जोडलेले छोटे यंत्र, म्हणजे टॅग, बसवायला सुरुवात केली. के-२५ या नराच्या टॅगवरून त्याच्या कळपाच्या कॅलिफोर्नियापर्यंतच्या फेऱ्या नकाशावर उतरल्या. मोठ्या नद्यांच्या मुखांपाशी हे प्राणी हिवाळ्यातही घुटमळतात, कारण तेथे सामन जमतो, हे अशा नोंदींतून स्पष्ट झाले.

या ज्ञानाची किंमतही मोजावी लागली. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी एल-९५ या वीस वर्षांच्या नराला टॅग लावण्यात आला. लावण्यापूर्वी तो टॅग समुद्रात पडला होता आणि तो पुन्हा वापरताना पूर्ण निर्जंतुकीकरण झाले नाही. ३० मार्चला त्या नराचे शव व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला सापडले. टॅगच्या जखमेतून शिरलेली बुरशी त्याच्या मृत्यूस कारणीभूत ठरली असावी, असा तपासाचा निष्कर्ष निघाला आणि हे काम थांबवण्यात आले. ऐंशीच्या आसपास संख्या उरलेल्या समूहात एक तरुण नर जाणे हा लहान तोटा नव्हे. अंगाला स्पर्श न करता माग काढण्याच्या रीतीही होत्याच. एक उपाय तर विलक्षण आहे. शिकवलेला कुत्रा होडीच्या नाळेवर उभा राहून वाऱ्यावरून ऑर्कांच्या विष्ठेचा वास काढतो आणि तिच्या परीक्षणातून उपासमार, ताण व गर्भधारणा यांचा अंदाज बांधता येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासानुसार, २००८ ते २०१४ या काळात दक्षिणेकडच्या रहिवाशांतील तपासलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्के वाया गेल्या होत्या, आणि त्याचे प्रमुख कारण अपुरा आहार हे होते.

धरपकड थांबल्यावर ही संख्या वाढत वाढत १९९५ साली ९८पर्यंत गेली होती. नंतरच्या काही वर्षांत ती झपाट्याने घसरली. २००५ साली अमेरिकेने या समूहाला धोक्यात आलेला म्हणून जाहीर केले, तरी अलीकडच्या वर्षांत गणती पंचाहत्तरच्या आसपासच घोटाळत आहे. चिनूक सामनाची घट, जहाजांच्या गोंगाटामुळे शिकार शोधण्यात येणारा अडथळा आणि चरबीत साठून आईच्या दुधातून पिल्लाला पोहोचणारी औद्योगिक विषे, ही तीन कारणे शास्त्रज्ञ सांगतात. त्यांत आता चौथ्याची भर पडली आहे. ऑर्का सहसा आपल्या कुळीबाहेर जोडीदार शोधतात. उत्तरेकडे तीन गोत्रे असल्याने निवडीला वाव आहे आणि तेथील संख्या १९७०च्या दशकातील सव्वाशेच्या आसपासवरून तीनशेच्या पुढे गेली आहे. दक्षिणेकडे गोत्र एकच आणि माणसेही मोजकी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत असे दिसले की १९९०नंतर जन्मलेल्या, नमुना मिळालेल्या संततीपैकी निम्म्याहून अधिकांचे पितृत्व केवळ दोन नरांकडे जाते. जवळच्या नात्यातील संबंधांमुळे आयुर्मान घटत असल्याचे २०२३च्या संशोधनातून पुढे आले. १९६०-७०च्या दशकांत पळवलेल्या पिल्लांची उणीव अशी दोन पिढ्यांनंतर रक्तात उतरली आहे.

दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदी काय शिकवू शकतात याचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. ऑर्कांच्या माद्यांची प्रजननक्षमता चाळिशीच्या सुमारास संपते, पण त्या पुढे कित्येक दशके जगतात. प्राणिसृष्टीत हे फार दुर्मिळ आहे. चाळीस वर्षांची जन्ममृत्यूची नोंद तपासल्यावर दिसले की आई गेली की तिच्या प्रौढ मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, मृत्यूचे प्रमाण झपाट्याने वाढते. सामन कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे चालतात त्या या वृद्ध माद्याच. मासा कोठे मिळतो याची स्मृती त्यांच्यापाशी असते. हे एखाद्या प्रयोगशाळेत कळणे शक्य नव्हते. त्यासाठी एका आजीचे आयुष्य पुरेल इतकी वर्षे तिच्या मागावर राहावे लागले.

बिग १९९० साली, वयाच्या पन्नाशीत, कर्करोगाने गेले. भटक्या ऑर्कांना आता त्यांचेच नाव दिले जाते आणि ऑर्कांसाठी राखून ठेवलेल्या रॉबसन बाइट या किनारपट्टीलाही. १९८७ साली त्यांनी एलिस, फोर्ड व बॅल्कम यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘वंशावळ’ हा शब्द होता. तो यथार्थ होता. बॅल्कम यांचे २०२२च्या डिसेंबरात निधन झाले. पेन कोव्ह येथे पकडलेल्या पिल्लांपैकी शेवटची टोकिटे, जिला मियामीत लोलिता म्हणून नाचवले गेले, ती समुद्रात परत जाण्याच्या योजना चालू असतानाच १८ ऑगस्ट २०२३ रोजी टाकीत मरण पावली.

जे-३५ ही मादी २०१८च्या जुलैत आपले मेलेले पिल्लू डोक्यावर घेऊन १७ दिवस पोहत राहिली, तेव्हा जगभर ती बातमी झाली. २०२४च्या डिसेंबरात तिला पुन्हा पिल्लू झाले, ते काही दिवसांतच गेले आणि तिने त्यालाही कित्येक दिवस वाहिले. अवघे काही दिवस जगलेल्या त्या पिल्लालाही क्रमांक मिळाला होता, जे-६१. त्याच सुमारास त्याच कुळीत जन्मलेल्या दुसऱ्या एका पिल्लाची नोंद त्याच्या खाली झाली. वंशावळीत दोन्ही नावे राहतील. दर वर्षी १ जुलैला सॅन वान बेटावरील संशोधन केंद्र आपल्या याद्या पुन्हा उघडते, प्रत्येक नावासमोर त्या वर्षीचे छायाचित्र आहे की नाही ते पाहते, आणि नव्या गणतीचा आकडा लिहिते.